इलिनॉयची सिनेटची खुर्ची: लिंकनला न मिळालेली, लॉरिमरला न पचलेली

मक्याचा_मळा
१४ जून २०२५, सकाळी ८:१२

आमच्या इलिनॉयचे डिक डर्बिन यांनी एप्रिलमध्ये जाहीर केलं की २०२६ला पुन्हा उभा राहणार नाही. १९९७ पासून ते सिनेटमध्ये आहेत. जागा मोकळी होणार म्हटल्यावर इच्छुकांची रांग लागली, त्यात दिल्लीत जन्मलेले राजा कृष्णमूर्तीही आहेत. त्यामुळे आमच्याकडच्या देशी व्हॉट्सॅप ग्रुपांवर सध्या कोणी किती निधी जमवला याच्यापलीकडे विषय नाही. मला त्या आकड्यांपेक्षा या खुर्चीचा मागचा इतिहास जास्त चविष्ट वाटतो, म्हणून हा धागा. जमेल तसं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

आधी थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेत प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागा, मुदत सहा वर्षं. दोन्ही जागांची निवडणूक सहसा एकाच वर्षी येत नाही. १९१३ पर्यंत सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचे आमदार निवडत. आपल्या राज्यसभेसारखंच. इलिनॉय राज्य झालं ३ डिसेंबर १८१८ला. पहिले दोन सिनेटर निनियन एडवर्ड्स आणि जेसी थॉमस. यातल्या थॉमस यांचं नाव लक्षात ठेवायचं ते मिसूरी तडजोडीसाठी. ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नको, ही कलमजोड त्यांची. पुढे १८५४ साली ती रेषा पुसली इलिनॉयच्याच दुसऱ्या सिनेटरने, स्टीफन डग्लसने. तिथून खरी गंमत सुरू होते.

डग्लसच्या त्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यामुळे राज्य ढवळून निघालं आणि वकिलीत रमलेला लिंकन पुन्हा राजकारणात आला. १८५४च्या नोव्हेंबरात तो आमदार म्हणून निवडून आला होता. पण आमदाराला सिनेटर होता येत नव्हतं, म्हणून त्याने ती आमदारकी सोडली. पोटनिवडणूक लागली आणि ती जागा विरोधी डेमोक्रॅटांनी मारली! सिनेटसाठी एकेक मत मोजायची वेळ आणि हातचं एक मत सुरुवातीलाच गेलं.

८ फेब्रुवारी १८५५, स्प्रिंगफील्ड. सभागृहात १०० आमदार. पहिल्या फेरीत लिंकनला चाळिसाच्या वर मतं, विद्यमान सिनेटर जेम्स शील्ड्सला ४१ आणि लायमन ट्रम्बुल या गृहस्थांना फक्त ५. हे पाच जण गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे डेमोक्रॅट. विचार लिंकनचेच, पण जन्मभर ज्या व्हिग पक्षाशी भांडलो त्याच्या माणसाला मत द्यायचं नाही म्हणून आडून बसलेले. फेऱ्यामागून फेऱ्या झाल्या. लिंकनची मतं गळू लागली आणि डग्लसच्या गोटाने शील्ड्सला बाजूला करून गव्हर्नर मॅटेसन यांना पुढे आणलं. मॅटेसन विजयाच्या अगदी जवळ पोचले तेव्हा लिंकनने आपल्या माणसांना सांगितलं, माझी मतं ट्रम्बुलला द्या. दहाव्या फेरीत पाच मतांचा ट्रम्बुल ५१ मतांनी सिनेटर झाला.

लिंकनने पराभव गिळला. मेरी लिंकनने नाही गिळला. ट्रम्बुलची बायको ज्युलिया ही तिची जिवाभावाची मैत्रीण, लग्नातली करवली. त्या दिवसापासून मेरीने तिच्याशी बोलणं टाकलं.

आता १८५८. यावेळी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला होता, आणि राज्य अधिवेशनाने आधीच ठराव केला की सिनेटसाठी आमचा एकच उमेदवार, लिंकन. समोर खुद्द डग्लस. ओटावा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्ल्सटन, गेल्सबर्ग, क्विन्सी आणि ऑल्टन अशा सात गावी सात जाहीर वादसभा झाल्या. पहिल्या वक्त्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. तीन तास, ऑगस्टच्या उन्हात, बहुतेक लोक उभे. डग्लस पाच फूट चार इंच, लिंकन सहा फूट चार इंच. डग्लस खास गाडीने फिरायचा आणि गाडीला एक उघडा डबा जोडलेला, त्यावर पितळी तोफ. गाव जवळ आलं की बार काढायचा, म्हणजे साहेब आले. लिंकन साध्या उतारू गाडीने.

ओटावाच्या ज्या चौकात पहिली सभा झाली तिथे आता दोघांचे पुतळे आहेत. शिकागोहून दीडेक तासावर. चौक इतका आटोपशीर आहे की दहा हजारांच्या आसपास माणूस तिथे कसा मावला असेल याचं नवल वाटतं.

निकाल? रिपब्लिकन उमेदवारांना राज्यात मतं जास्त पडली, पण आमदार डेमोक्रॅटांचे जास्त आले. जानेवारी १८५९ मध्ये आमदारांनी मतदान केलं: डग्लस ५४, लिंकन ४६. चार वर्षांत दुसऱ्यांदा तोंडचा घास गेला.

पुढचा भाग रात्री टाकतो.

इंद्रायणी_तांदूळ
१४ जून, ९:०५

वा! वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेठेतला_पोपट
१४ जून, ९:४०

मळेवाले, एक शंका. लोकांना सिनेटरला मतच द्यायचं नव्हतं तर दहा हजार माणूस उन्हात ऐकायला का येत होतं? करमणूक म्हणून?

मक्याचा_मळा
१४ जून, १०:२२

@पेठेतला_पोपट, करमणूक तर होतीच, बँड, मिरवणुका, सगळं. पण रिपब्लिकनांनी उमेदवार आधीच जाहीर केल्यामुळे आमदारकीचं मत म्हणजेच सिनेटचं मत असा हिशेब लोकांनी बरोबर केला होता. तुमच्या तालुक्यातला उमेदवार कोण याला फारसा अर्थ राहिला नव्हता, तो कोणासाठी हात वर करणार हे महत्त्वाचं.

मतं जास्त आणि जागा कमी, हे कसं झालं तेही सांगून टाकतो. मतदारसंघ आखलेले होते १८५०च्या जनगणनेवर. मधल्या काळात उत्तर इलिनॉय भराभर वाढलं, तिथे रिपब्लिकनांचा जोर. दक्षिणेकडे डेमोक्रॅट, तिथे माणसं कमी पण जागा जुन्याच. शिवाय राज्याच्या सिनेटमधल्या २५ पैकी १३ जणांची मुदत संपलीच नव्हती, आणि त्यात डेमोक्रॅट जास्त. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच धावफलकावर डग्लसच्या काही धावा लागलेल्या.

वृत्तपत्रांचा किस्सा राहिलाच. लघुलिपीत भाषणं उतरवून घेणारे दोन्हीकडचे. डेमोक्रॅटांचं पत्र डग्लसची वाक्यं घासूनपुसून छापायचं आणि लिंकनची जशी तोंडातून पडली तशी, अडखळण्यासकट. रिपब्लिकन पत्र बरोबर उलटं. पुढे वादसभा पुस्तकरूपाने निघाल्या तेव्हा लिंकनने युक्ती केली: प्रत्येकाचं भाषण त्याच्या बाजूच्या पत्रातून उचललं.

स्पष्टवक्ती
१४ जून, ११:१५

धागा छान आहे, पण लिंकनला फार गोड रंगवू नका. चार्ल्सटनच्या सभेत त्याने स्वच्छ सांगितलं होतं की गोऱ्या आणि काळ्या लोकांच्या सामाजिक आणि राजकीय समानतेच्या बाजूचा मी नाही. मध्य आणि दक्षिण इलिनॉयची मतं हवी होती ना. उत्तरेत एक सूर, खाली एक सूर, हा डग्लसचा आरोप काही पूर्ण खोटा नव्हता.

मक्याचा_मळा
१४ जून, १२:०१

मान्य. ते भाषण छापील आहे, आणि आजही वाचायला जड जातं. डग्लसही तीच कसरत करत होता. फ्रीपोर्टला लिंकनने त्याला कात्रीत पकडलं: एखाद्या प्रदेशाला राज्य होण्याआधी गुलामगिरी बंद करता येईल का? डग्लस म्हणाला, येईल, स्थानिक लोकांनी तिच्या संरक्षणाचे कायदेच केले नाहीत तर ती टिकणार नाही. या उत्तराने इलिनॉयची जागा वाचली आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट कायमचे बिथरले. १८६०ला पक्ष फुटला.

आणि ट्रम्बुलला कमी लेखू नका. पाच मतांचा तो माणूस पुढे सिनेटच्या न्याय समितीचा अध्यक्ष झाला. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा त्या समितीतून आला, आणि १८६६चा नागरी हक्क कायदाही त्याचाच. १८५५ला हट्टाने आडून बसलेल्या पाच जणांमुळे देशाचं नुकसान झालं असं मला तरी म्हणवत नाही.

वकीलीणबाई
१४ जून, दुपारी २:४८

या धाग्यावर १८७७ न येऊन कसं चालेल? मीच लिहिते.

१८७६च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन हेस आणि डेमोक्रॅट टिल्डन यांच्यात चार राज्यांतल्या मतांवरून वाद झाला. तोडगा म्हणून १५ जणांचा आयोग ठरला: पाच सिनेटर, पाच कनिष्ठ सभागृहाचे सदस्य, पाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. चौदा जण पक्षनिहाय सात-सात. पंधरावा माणूस दोघांनाही चालेल असा हवा, आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच नाव: न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस. इलिनॉयचे, लिंकनचे जुने मित्र, १८६०ला शिकागोच्या अधिवेशनात लिंकनची उमेदवारी जमवून आणणारे. तोवर मात्र कुठल्याच पक्षाचे उरले नव्हते.

नेमकं त्याच जानेवारीत स्प्रिंगफील्डमध्ये सिनेटरची निवड चालली होती. विद्यमान रिपब्लिकन सिनेटर जॉन लोगन यांना बहुमत जमेना. डेमोक्रॅट आणि मूठभर अपक्ष यांनी एकत्र येऊन चाळिसाव्या फेरीत कोणाला निवडून द्यावं? डेव्हिसना! न्यायमूर्ती खूश होतील आणि आयोगात टिल्डनकडे झुकतील असा काही जणांचा होरा असावा. डेव्हिसनी सिनेट पत्करली, न्यायालय सोडायचं ठरवलं आणि आयोगावर बसायला नकार दिला. त्यांच्या जागी न्यायमूर्ती ब्रॅडली आले, रिपब्लिकन. वादाच्या प्रत्येक मुद्द्यावर ८ विरुद्ध ७. हेस अध्यक्ष, १८५ विरुद्ध १८४.

डेव्हिस आयोगावर बसले असते तर काय झालं असतं हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आपल्या हाताने पंच घरी पाठवण्याचा असा प्रकार मी दुसरा वाचलेला नाही.

भाऊ_कोल्हापूरकर
१४ जून, ३:३०

खल्लास! 😂 आपल्याकडचे चाणक्य उगाच बदनाम.

मक्याचा_मळा
१४ जून, रात्री ९:५५

वकीलीणबाई, बहारदार. आता भाग दोन.

एवढ्या फेऱ्या का व्हायच्या, तर १८६६च्या कायद्याने पद्धत ठरवून दिलेली होती. दोन्ही सभागृहांनी आधी वेगवेगळं मत द्यायचं. एकाच माणसावर एकमत झालं नाही तर संयुक्त बैठक, आणि बहुमत मिळेपर्यंत कामकाजाच्या रोज निदान एक फेरी. बहुमतच हवं. त्यामुळे दोन-चार अपक्ष अडले की महिनेच्या महिने तेच.

१८८५ मध्ये तर दोन्ही बाजू बरोबरीत. २०४ आमदार, लोगन यांना पुन्हा निवडून यायचं होतं आणि एकेक मतासाठी गाडं अडलेलं. तशात एक डेमोक्रॅट आमदार वारले. त्यांचा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा गड, दोनेक हजारांचं मताधिक्य ठरलेलं. रिपब्लिकनांनी तिथे उमेदवारच दिला नाही, निदान दिसायला तरी. गावोगाव त्यांची माणसं फिरत होती ती शिवणयंत्रांचे एजंट बनून, गुरं विकत घेणारे व्यापारी बनून. शेतकऱ्याच्या अंगणात यंत्राची किंमत सांगता सांगता हळूच कानात: अमुक नावाला मत, आणि संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. डेमोक्रॅट निर्धास्त, त्यांचे निम्मे मतदार फिरकलेच नाहीत. दिवस कलला तशी रिपब्लिकन मतदारांची रीघ लागली. गड पडला. १९ मे रोजी लोगन १०३ मतांनी सिनेटर.

१८९१ला जॉन पामर यांच्यासाठी दीडशेच्या वर फेऱ्या लागल्या, शेतकरी चळवळीचे तीन आमदार दोन्हीकडे झुलवत बसले होते. हे पामर कोण? १८५५ला लिंकनला मत न देणाऱ्या त्या पाचांपैकी एक! छत्तीस वर्षांनी त्यांना स्वतःला कळलं असेल आडून बसणाऱ्यांचा त्रास काय असतो.

आता मुख्य पात्र. विल्यम लॉरिमर. जन्म इंग्लंडमध्ये मँचेस्टरचा, लहानपणी शिकागोत पोटासाठी मिळेल ते काम करणारा, मग वेस्ट साइडचा रिपब्लिकन म्होरक्या. सोनेरी केसांमुळे 'ब्लाँड बॉस'. दारू, सिगारेट नाही, घरी मुलाबाळांत रमणारा.

१९०८ मध्ये इलिनॉयने एक सुधारणा करून पाहिली होती: पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मतदारांनी सिनेटसाठी आपली पसंती सांगायची, आमदारांनी ती मानावी अशी अपेक्षा. लोकांनी विद्यमान सिनेटर हॉपकिन्स यांना पसंती दिली. १९०९च्या जानेवारीत आमदार बसले आणि पसंती कागदावर राहिली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. नव्वदच्या वर फेऱ्या. २६ मेला एकाएकी ५५ रिपब्लिकन आणि ५३ डेमोक्रॅट मिळून १०८ मतं लॉरिमरला. रिपब्लिकन म्होरक्याला ५३ डेमोक्रॅट! सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, पण पुरावा नव्हता.

पुरावा आला ३० एप्रिल १९१०ला, शिकागो ट्रिब्यूनच्या पहिल्या पानावर. चार्ल्स व्हाइट नावाच्या डेमोक्रॅट आमदाराची कबुली: लॉरिमरला मत देण्याचे मला हजार डॉलर मिळाले, आणि वर ९०० डॉलर 'जॅकपॉट'मधून. हा जॅकपॉट म्हणजे अधिवेशनभर निरनिराळी विधेयकं पाडण्यासाठी किंवा दाबण्यासाठी जमलेला गल्ला, अधिवेशन संपल्यावर वाटायचा. वाटणी झाली सेंट लुईच्या एका हॉटेलात. एकेका आमदाराला न्हाणीघरात बोलावून हातावर नोटा ठेवल्या गेल्या. राज्याबाहेरचं शहर आणि आतून कडी, एवढी खबरदारी.

व्हाइट काही हरिश्चंद्र नव्हता. आधी त्याने लॉरिमरकडेच पैशांसाठी सूचक पत्र लिहिलं होतं, तिथे डाळ शिजली नाही तेव्हा वर्तमानपत्र गाठलं. लॉरिमरच्या वकिलांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्या सप्टेंबरात शिकागोच्या एका मेजवानीला थिओडोर रूझवेल्ट यांनी कळवलं, लॉरिमर असेल तर मी येत नाही. लॉरिमरचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. तरी मार्च १९११ मध्ये सिनेटने ४६ विरुद्ध ४० मतांनी त्याला राखलं. मग लाकडाचा एक बडा व्यापारी त्याच्यासाठी लाख डॉलर जमवत होता अशी साक्ष पुढे आली, पुन्हा चौकशी, आणि १३ जुलै १९१२ला ५५ विरुद्ध २८ मतांनी ठराव: ही निवडच अवैध.

तारखा बघा. मार्च १९११ मध्ये सिनेटने लॉरिमरला वाचवलं. जूनमध्ये त्याच सिनेटने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मंजूर केली. मे १९१२ मध्ये ती काँग्रेसमधून पार पडली, एप्रिल १९१३ मध्ये राज्यांनी पक्की केली. ही मागणी जुनीच होती, बरीच राज्यं पेटलेली होती, पण शेवटचा धक्का देण्यात लॉरिमरचा वाटा मोठा असं माझं मत.

भाऊ_कोल्हापूरकर
१५ जून, सकाळी ७:२०

रात्री झोपायच्या आधी वाचलं आणि झोप उडाली राव. हा तर अस्सल घोडेबाजार. आपल्याकडं जून २०२२ आठवा. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार, आमदार मुंबईच्या हॉटेलांत. मतमोजणी पहाटेपर्यंत रखडली आणि सहाव्या जागेवर आमच्या कोल्हापूरचे धनंजय महाडिक आले, पडले तेही आमच्याच कोल्हापूरचे संजय पवार. फरक एवढाच की आपल्याकडं न्हाणीघर पंचतारांकित.

वकीलीणबाई
१५ जून, ८:०२

भाऊ, हॉटेलं सोडली तर फरक बराच आहे. राज्यसभेत पसंतीक्रमाचं मत असतं, १, २, ३ असे आकडे. म्हणून एकाच बैठकीत निकाल लागतो, दीडशे फेऱ्या होत नाहीत. आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच टाकायची. २०२२ला सुहास कांदे यांचं मत बाद झालं ते या दाखवण्याच्या नियमावरूनच. इलिनॉयमध्ये तर नाव पुकारलं की आमदार उभा राहून सगळ्यांसमोर मत सांगायचा. तरीही विकलं गेलंच. त्यामुळे मत उघड असलं की विकलं जात नाही, हा युक्तिवाद माझ्या लेखी फारसा टिकत नाही.

तिरपागडा
१५ जून, १०:३६

मी जरा उलटं बोलतो. थेट निवडणुकीने झालं काय? पैसा न्हाणीघरातून निघाला आणि टीव्हीवर गेला. एवढंच. डग्लस, ट्रम्बुल, लोगन, सगळे आमदारांनी निवडलेले. थेट निवडणुकीच्या शंभर वर्षांत त्या तोडीचे किती? शिवाय आमदारांनी निवडलेला सिनेटर राज्याच्या हिताला बांधील असायचा, आता तो देणगीदारांना बांधील.

मक्याचा_मळा
१५ जून, दुपारी १:१०

@तिरपागडा, पैशाचं खरं आहे. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा मीच देतो: १९२६, फ्रँक स्मिथ. हे राज्याच्या वाणिज्य आयोगाचे अध्यक्ष, म्हणजे वीज आणि गॅस कंपन्यांचे दर ठरवणारे. आणि प्राथमिक निवडणुकीसाठी त्यांनी सव्वा लाख डॉलर घेतले कोणाकडून, तर वीजसम्राट सॅम्युएल इन्सुल यांच्याकडून! निवडणूक जिंकली, लोकांनी मतं दिली. पण सिनेटने त्यांना आसनावर बसूच दिलं नाही. मधेच जुने सिनेटर वारले म्हणून गव्हर्नरने स्मिथ यांचीच नेमणूक केली, तीही सिनेटने नाकारली. १९२८च्या फेब्रुवारीत कंटाळून त्यांनी राजीनामा दिला.

पण 'त्या तोडीचे किती' याला माझा आक्षेप आहे. पॉल डग्लस घ्या, १९४८ला निवडून आलेले. शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं कॉब-डग्लस समीकरण शिकलात ना, तेच डग्लस. पन्नाशीत साधा शिपाई म्हणून मरीनमध्ये भरती झाले आणि हाताला कायमची जखम घेऊन परतले. शिकागोच्या पक्षयंत्राशी त्यांचं कधी नीट जमलं नाही. आमदारांच्या संयुक्त बैठकीत असा माणूस पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

स्पष्टवक्ती
१५ जून, २:२५

आणि कॅरल मोझली ब्रॉन? १९९२. ॲलन डिक्सन चार दशकांत एकही निवडणूक न हरलेले सिनेटर. त्यांनी न्यायमूर्तीपदासाठी क्लॅरेन्स थॉमस यांच्या बाजूने मत दिलं, थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणारी अनिटा हिलची साक्ष साऱ्या देशाने पाहिली होती, बायका खवळल्या. ब्रॉन तेव्हा कुक काउंटीत दस्तनोंदणी खात्याच्या प्रमुख. तिकडे एक श्रीमंत वकील डिक्सनवर जाहिरातींचा मारा करण्यात लाखो डॉलर ओतत होते. दोघांच्या मारामारीत ब्रॉन ३८ टक्क्यांवर पुढे निघून गेल्या आणि नोव्हेंबरात अमेरिकेच्या इतिहासातली पहिली काळी महिला सिनेटर झाल्या. तिरपागडेबुवा, तुमच्या त्या थोर आमदारांनी हे केलं असतं?

तिरपागडा
१५ जून, २:५०

नसतं केलं. पण सहा वर्षांनी त्याच लोकांनी त्यांना पाडलंही.

स्पष्टवक्ती
१५ जून, २:५८

पाडलं ना, लोकांनीच. लॉरिमरला पाडायला दोन चौकशा लागल्या.

नेपरव्हिलची_नमू
१५ जून, सायंकाळी ६:१५

डर्कसन यांच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? आवाज असा की वरच्या पट्टीत जातच नाही, मधाळ, लांबलचक वाक्यं. १९५० मध्ये त्यांनी डेमोक्रॅटांचे सिनेटमधले नेते स्कॉट लुकास यांनाच पाडलं आणि पुढे स्वतः रिपब्लिकनांचे नेते झाले. १९६४च्या नागरी हक्क कायद्यावर दक्षिणेचे सिनेटर अडून बसले होते. चर्चा थांबवायला दोन तृतीयांश मतं हवी, म्हणजे ६७. डर्कसननी आपली रिपब्लिकन मतं जमवून दिली आणि १० जूनला ७१ विरुद्ध २९ ने कोंडी फुटली. त्यांच्याशिवाय तो कायदा तेव्हा झाला नसता.

पण मला ते आवडतात झेंडूमुळे. झेंडू हे अमेरिकेचं राष्ट्रीय फूल व्हावं म्हणून ते सिनेटमध्ये वर्षानुवर्षं ठराव मांडत. त्यांच्या पीकिन गावात अजून सप्टेंबरात झेंडूचा उत्सव भरतो. दसऱ्याच्या थोडं आधी! १९८६ मध्ये मान गेला गुलाबाला, डर्कसनना जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

इंद्रायणी_तांदूळ
१५ जून, ६:४०

झेंडूसाठी +१. तोरणाला गुलाब कोण लावतं?

पेठेतला_पोपट
१५ जून, ७:३०

आणि ब्लागोयेविच महाराज राहिले की. ओबामा अध्यक्ष झाल्यावर रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला काढलेले गव्हर्नर.

मक्याचा_मळा
१५ जून, रात्री १०:२०

त्यांच्याकडेच येत होतो. आधी ओबामांचं. २००४ला प्राथमिक फेरीत एका गडगंज उमेदवाराने स्वतःचे २ कोटी ८० लाखांहून जास्त डॉलर ओतले आणि घटस्फोटाची कागदपत्रं बाहेर येताच कोसळला. तिकडे रिपब्लिकन उमेदवार जॅक रायन यांचंही तेच, त्यांनी जूनमध्ये माघार घेतली. ऑगस्टमध्ये रिपब्लिकनांनी मेरीलँडहून ॲलन कीज यांना आणलं. याच कीजनी चार वर्षांपूर्वी हिलरी क्लिंटनना न्यूयॉर्कमध्ये 'उपऱ्या' म्हणून झोडपलं होतं. निकाल ७० विरुद्ध २७ टक्के. घटनेप्रमाणे निवडणुकीच्या दिवशी राज्याचा रहिवासी असलात की पुरे. आपल्याकडे तर २००३ पासून राज्यसभेला तेवढंही लागत नाही.

२००८ला जागा रिकामी झाली आणि नेमणुकीचा अधिकार गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांच्याकडे आला. एफबीआयने त्यांचे फोन ऐकले. हाती सोन्यासारखी गोष्ट लागलीय, ती फुकट देणार नाही, अशा अर्थाचं शिव्यांसकट संभाषण टेपवर. ९ डिसेंबरला अटक. जामिनावर सुटलेल्या या माणसाने ३० डिसेंबरला रोलंड बरिस यांची नेमणूक करूनही टाकली! राज्याच्या सचिवाने प्रमाणपत्रावर सही नाकारली, बरिस जानेवारीच्या पावसात वॉशिंग्टनला दारावरून परत फिरले, आठवड्याभराने आत घेतले गेले. ब्लागोयेविचना राज्याच्या सिनेटने ५९ विरुद्ध ० मतांनी काढलं, पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली, २०२० मध्ये ट्रम्प यांनी ती कमी केली आणि यंदा फेब्रुवारीत माफीही दिली.

तिरपागडेबुवा, खरी पळवाट ही आहे बघा. आमदार २०४ होते, त्यातला एकजण तरी फुटून बोलला. नेमणुकीत विकणारा एकटाच. फोन टॅप नसते तर आपल्याला कळलंही नसतं.

वकीलीणबाई
१५ जून, १०:४८

त्याचं शेपूट: २०१०ला न्यायालयाने सांगितलं की उरलेल्या मुदतीसाठीही लोकांनी निवडायला हवं. म्हणून एकाच मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी दोन निवडणुका, एक पाच-सहा आठवड्यांच्या उरलेल्या मुदतीची, एक सहा वर्षांची. दोन्ही मार्क कर्क यांनी जिंकल्या. त्यांना २०१६ला टॅमी डकवर्थ यांनी हरवलं, इराकमध्ये दोन्ही पाय गमावलेल्या हेलिकॉप्टर वैमानिक. २०१८ मध्ये पदावर असताना बाळंत झालेल्या त्या पहिल्या सिनेटर. तान्ह्या बाळाला मतदानाच्या वेळी सभागृहात आणता यावं म्हणून सिनेटला नियम बदलावा लागला.

भाऊ_कोल्हापूरकर
१६ जून, सकाळी ७:०५

मळेवाले, सुरुवातीला ते शील्ड्स म्हणून होते, ४१ मतांचे. त्यांचं काय झालं पुढं? आमच्याकडं तिकीट कापलेला माणूस दुसऱ्या पक्षात तरी जातो.

मक्याचा_मळा
१६ जून, ८:३०

भाऊ, शील्ड्स दुसऱ्या राज्यात गेले! मूळचे आयर्लंडचे. १८४९ला इलिनॉयने निवडलं तेव्हा नागरिकत्वाची नऊ वर्षं पुरी झालेली नव्हती म्हणून सिनेटने निवड रद्द केली. नऊ वर्षं भरल्यावर आमदारांनी पुन्हा त्यांनाच पाठवलं. १८५५ला हरल्यावर मिनेसोटाला गेले, ते राज्य होताच १८५८ला तिथले सिनेटर. १८७९ला काही आठवड्यांसाठी मिसूरीचे. तीन राज्यांचा सिनेटर झालेला आजवरचा एकमेव माणूस.

आणि लिंकनशी त्यांचं जुनं वैर. १८४२ला शील्ड्स राज्याचे हिशेब तपासनीस असताना स्प्रिंगफील्डच्या पत्रात 'रेबेका' या टोपणनावाने त्यांची टिंगल करणारी पत्रं आली. एक लिंकनने लिहिलेलं. पुढचं मेरी टॉड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जेन यांनी मिळून रचलेलं. होय, तीच ज्युलिया, पुढे मिसेस ट्रम्बुल. शील्ड्सनी द्वंद्वाचं आव्हान दिलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा, त्याने निवडल्या घोडदळाच्या रुंद तलवारी, मध्ये फळी, ती ओलांडायची नाही. हात कोणाचे लांब हे सांगायला नको. इलिनॉयमध्ये द्वंद्वाला बंदी म्हणून सगळे ऑल्टनहून नदी ओलांडून मिसूरीच्या बाजूच्या बेटावर गेले आणि तिथे मित्रांनी समेट घडवला. सोळा वर्षांनी सातवी वादसभा याच ऑल्टनला.

भाऊ_कोल्हापूरकर
१६ जून, ८:४१

म्हणजे १८५५ला पहिल्या फेरीतल्या तीन उमेदवारांत एक लिंकन, दुसरा त्याच्याशी तलवारीने लढायला निघालेला, आणि तिसरा ते पत्र लिहिणाऱ्या बाईचा नवरा? मतदान कशाला घेतलं, पंगत बसवायची.